रोजकीर्दीतला कलावंत



स्मृतिव्याख्यानाला उभं राहिलेल्या वक्त्यानं स्मृतीवरच संशय घ्यावा, हे जरा उफराटं वाटेल. पण आज मला तेच करायचं आहे. नट, गायक, तमासगीर, सिनेमातली माणसं यांना आपण कसं आठवतो आणि त्या आठवणीतून त्यांच्या आयुष्याचा केवढा भाग गळून पडतो, हा आजचा विषय. भगवानदादांपासून सुरुवात करू. भगवान आबाजी पालव हे नाव निघालं की दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. पहिली १९५१चा ‘अलबेला’ आणि जागच्या जागी डुलत, हात हलकेच सोडत केलेला तो नाच. ज्याला नाचता येत नाही तोही वरातीत तोच नाच करतो. दुसरी गोष्ट म्हणजे जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात वारांना सात मोटारी, आणि शेवटी दादरच्या चाळीतली खोली. ही दुसरी गोष्ट सांगताना सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो, ऐकणारा ‘अरेरे’ म्हणतो आणि विषय संपतो. पण जरा वर्षं मोजा. गिरणी कामगाराच्या घरातला हा मुलगा १९३८ पासून दिग्दर्शन करत होता. कमी पैशांत हाणामारीचे चित्रपट काढायचे, स्वतःच उड्या मारायच्या आणि कामकरी वस्तीतल्या थिएटरांत ते चालवून दाखवायचे, असा त्याचा धंदा होता. ‘अलबेला’ आला तेव्हा दादा अडतिशीच्या आसपास होते. २००२च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा अठ्ठ्याऐंशी. म्हणजे ‘अलबेला’च्या आधी तेरा वर्षं दिग्दर्शन आणि नंतर पन्नास वर्षांचं आयुष्य. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’ आणि त्यापुढे कितीतरी चित्रपटांत मिळेल ते छोटं काम. आपल्या गोष्टीत या त्रेसष्ट वर्षांना जागाच नाही. तिथे आहे एक शिखर, एक दरी आणि मधला कडेलोट.

माझं म्हणणं असं, की प्रसिद्ध कलावंताच्या आपण दोन दंतकथा करतो. एक देव्हाऱ्यातली आणि दुसरी शोकांतिकेतली. पहिलीत तो गंधर्व, सम्राज्ञी, नटसम्राट असतो. दुसरीत तो दारूत, कर्जात, एकटेपणात संपतो. पहिली खोटी आणि दुसरी खरी, असा आपला समज असतो. ‘पडद्यामागचं सत्य’ म्हणून दुसरीच विकली जाते. मला मात्र दोन्हींचं कूळ एकच वाटतं. दोन्ही त्याच धंद्यात घडतात, त्याच दिवाळी अंकांत छापल्या जातात, त्याच चरित्रपटांत शेजारी शेजारी बसतात. मध्यंतरापूर्वी देव्हारा, मध्यंतरानंतर शोकांतिका. आणि दोन्हींमधून नेमकी एकच गोष्ट निसटते: तो माणूस रोज काय करत होता, कुणाकडून किती घेत होता, कुणाला किती देत होता, कोणत्या अटींवर रात्री तोंडाला रंग लावत होता. व्यापारी पेढीवर रोजच्या जमाखर्चाची एक वही असते, तिला रोजकीर्द म्हणतात. कलावंताचं खरं आयुष्य शोधायचं असेल तर ते देव्हाऱ्यात नाही आणि स्मशानातही नाही. ते या रोजकीर्दीत आहे. आणि प्रतिमा? तीही या वहीबाहेरची नव्हे. आपल्या घरी गौरी येतात तेव्हा मुखवटा काढून आत कोण आहे हे कुणी पाहत नाही. आत एक तिवई असते किंवा धान्यानं भरलेला डबा असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मुखवटा नीट बसवणं, साडीच्या निऱ्या घालणं, दागिने तोलून लावणं हे घरातल्या बायकांचं चार-पाच तासांचं काम असतं. कलावंताच्या प्रतिमेचंही तसंच आहे. ती खोटी आहे की खरी, या प्रश्नापेक्षा ती कुणी, किती कष्टानं आणि कुणाच्या खर्चानं बसवली, हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

याची कसोटी मराठी रंगभूमीच्या सर्वांत मोठ्या प्रतिमेवर घेऊ. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. एकात नारायण श्रीपाद राजहंस, दुसऱ्यात भामिनी, रुक्मिणी, सिंधू यांचा गंधर्व, असा अर्थ सहज लागतो. पण या दोन चित्रांच्या मधे एक तिसरी गोष्ट आहे, जी कुणी रंगवलेली नाही. ती म्हणजे एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जायला लागणारा वेळ आणि त्याची किंमत. १९०५ साली हा मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीत आला. १९१३मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यानं स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे ‘स्वयंवर’ आलं, ‘एकच प्याला’ आलं, आणि महाराष्ट्रातल्या सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया साडी कशी नेसायची, अंबाडा कसा घालायचा हे एका पुरुषाकडून शिकू लागल्या. उंची शालू, दागिने, गालिचे, अत्तरं यांचं वर्णन आपण चवीनं करतो. पण अत्तराची बाटली कुणीतरी विकत आणत होतं. साथीला सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा, अशी माणसं कंपनीत होती. ती माणसं बिदागीवर राहत होती, कंपनीच्या पंगतीला जेवत होती, कंपनीबरोबर गावोगाव हिंडत होती. पडदे, कपडेपट, सामानाच्या पेट्या, आगगाडीचं भाडं, मुक्कामाचं घर हे सगळं त्या एका गळ्यावर उभं होतं. गळा बसला की खेळ बंद. खेळ बंद झाला तरी पंगत चालूच. ही नाटक कंपनीची अर्थव्यवस्था होती, आणि बालगंधर्वांच्या आयुष्यातली बहुतेक महत्त्वाची वळणं त्यांच्या स्वभावाइतकीच या अर्थव्यवस्थेनं घेतली.

‘बालगंधर्वांना व्यवहार कळत नव्हता,’ हे वाक्य आपण इतकं ऐकलं आहे, की ते स्पष्टीकरण वाटू लागलं आहे. त्यात तथ्य नाही असं नाही. कर्ज झालं, खेळ करून ते फेडलं, पुन्हा कर्ज झालं, हा क्रम सर्वांना माहीत आहे. टेंबे लवकर बाहेर पडले, नंतर बोडसही गेले. पुढे दोघांनीही आत्मचरित्रं लिहिली. बोडसांचं ‘माझी भूमिका’ वाचताना ध्यानात येतं, की नट हा त्या काळी एकाच वेळी कलावंत, भागीदार आणि व्यापारी होता, आणि कंपनीतले मतभेद कलेवरून जितके होत तितकेच वहीवरून होत. पण एकट्या माणसाच्या बेहिशेबी स्वभावानं कंपनी बुडाली असं म्हटलं, तर त्याच सुमाराला बाकीच्या कंपन्या का बुडाल्या याचं उत्तर मिळत नाही. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी सिनेमा बोलू-गाऊ लागला. नाटकाच्या एका तिकिटाच्या पैशांत सिनेमा अनेकदा पाहता येत होता. शिवाय पडद्यावर स्त्रीची भूमिका स्त्रीच करत होती. बालगंधर्वांच्या सगळ्या भांडवलाचा पायाच त्यानं हलला. आपण काळाच्या ओघात मागे पडतोय हे त्यांना कळलंच नाही, असंही म्हणता येत नाही. १९३५मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी ते प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथांच्या भूमिकेत उभे राहिले, पुरुषवेशात आणि कॅमेऱ्यासमोर. एवढी उडी घेणारा माणूस निव्वळ स्वप्नाळू नसतो. ती उडी जमली नाही, प्रभातशी आलेला संबंध एका चित्रपटानंतर संपला आणि बालगंधर्व पुन्हा रंगभूमीकडे वळले. यात शोकांतिका जरूर आहे. पण ती एका भोळ्या गंधर्वाची आहे तशी एका कारखान्याचीही आहे. त्या कारखान्याचं एकमेव यंत्र म्हणजे मालकाचं शरीर होतं, आणि ते शरीर म्हातारं होत होतं.

आता दोन रात्रींकडे पाहू. १९११च्या मार्चमध्ये मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांचं मूल गेलं आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दुसरी कथा विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची. तमाशाचा खेळ चालू असताना त्यांना कळा आल्या, मागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. दोन्ही कथा आपण कलानिष्ठेची पराकाष्ठा म्हणून सांगतो. मला त्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण दोन्ही कथांमध्ये आपण एक प्रश्न विचारत नाही: त्या रात्री खेळ रद्द करायची मुभा होती का? १९११ साली बालगंधर्व बावीस वर्षांचे होते आणि किर्लोस्कर मंडळीचे नट होते, मालक नव्हते. नव्या नाटकाची पहिली रात्र, तिकिटं विकलेली, सगळी कंपनी एका भूमिकेवर टांगलेली. ‘नाही’ म्हणण्याची किंमत किती असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

विठाबाईंच्या रात्रीचा अर्थ लावायचा तर नारायणगावला जायला हवं. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत बैठक, फडाचा व्यवस्थापक आणि त्याच्यापुढे वही. गावोगावचे पंच, यात्रा कमिटीची माणसं येतात, आपल्या यात्रेची तिथी सांगतात, घासाघीस होते, विसार दिला जातो, सुपारी ठरते. चैत्री पौर्णिमेसारखी तिथी असली की भाव चढतो, कारण त्या एका दिवशी कितीतरी गावांची यात्रा असते आणि फड मोजके. कलावंतांना हंगामाआधी उचल दिलेली असते. ती फेडत फेडत हंगाम जातो. पावसाळ्यात फड बंद, चूल मात्र चालू, म्हणून पुढच्या हंगामासाठी पुन्हा उचल. या चक्रात एक रात्र बुडाली तर एकट्या बाईचाच पगार बुडत नाही. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाच्या, ट्रकचा ड्रायव्हर, आचारी, सगळ्यांची ती रात्र बुडते. आणि समोर बसलेलं गाव सुपारीचे पैसे देऊन बसलेलं असतं. गण-गवळण झाली, बतावणी झाली, आता वग हवा, तो नाही मिळाला तर कनातीवर दगड येतात. विठाबाई परत बोर्डावर आल्या त्या या सगळ्याच्या मधून आल्या. त्यांना दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, त्यांच्या नावानं आज राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. पण आपण त्यांच्या नावाबरोबर जी कथा सांगतो ती मुळात बाळंतपणाची रजा नसलेल्या एका धंद्याची कथा आहे. तिला कलानिष्ठेचं सोनेरी पाणी दिलं, की कामाची अट हा कलावंताचा गुण होऊन बसतो आणि उद्याच्या नर्तकीकडूनही तीच अपेक्षा करायला आपण मोकळे होतो. यानं विठाबाईंचं धैर्य कमी होतं का? उलट, त्या कशाशी झुंजत होत्या हे कळल्यावर ते धैर्य धैर्यासारखं दिसतं. एरवी तो चमत्कार वाटतो, आणि चमत्कार करणाऱ्याचं देणं कुणी लागत नाही.

२००२च्या जानेवारीत विठाबाई गेल्या आणि तीन आठवड्यांत भगवानदादा गेले. भगवानदादांचं नाव आणखी एका कथेत येतं, जिच्यातून माझा मुद्दा अधिक नेमका होईल. १९४२मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्यांनी ललिता पवारांना मारलेली थप्पड जोरात बसली, चेहऱ्याच्या एका बाजूवरून वारं गेलं, डावा डोळा कायमचा बारीक झाला. तीनेक वर्षं उपचारांत गेली. नायिका म्हणून कारकीर्द संपली. गोष्ट बहुधा इथेच थांबते, किंवा ‘मग त्या खाष्ट सासू झाल्या’ या वाक्यानं संपते. पण ललिता पवार त्या थपडेआधीच मूकपटापासून काम करत होत्या आणि चित्रपटनिर्मितीतही उतरल्या होत्या. म्हणजे धंद्याची नस त्यांना माहीत होती. उपचारांनंतर परत आल्या तेव्हा नायिकेच्या बाजारात त्यांना भाव नव्हता, पण चरित्रभूमिकांचा बाजार मोठा होता आणि त्यात टिकाऊपणा होता. नायिकेला फार तर दहा वर्षं मिळतात. ललिता पवारांना पुढे जवळजवळ पन्नास वर्षं मिळाली, ‘दहेज’पासून थेट दूरदर्शनच्या ‘रामायण’मधल्या मंथरेपर्यंत. त्या डोळ्याचं त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. सासूच्या भूमिकेत तो डोळा समोरच्याला तोलतो, त्याच्यात विष दिसतं. ‘श्री ४२०’मधल्या केळी विकणाऱ्या गंगामाईत तोच डोळा गिऱ्हाइकाची लबाडी ओळखतो आणि माफ करतो. ‘अनाडी’तल्या वरून फटकळ, आतून मायाळू मिसेस डिसांमध्ये तो डोळा रागाचं सोंग करतो आणि उघडा डोळा त्या सोंगाची चुगली करतो. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. एका चेहऱ्याचे दोन भाग स्वतंत्रपणे वापरण्याची ही विद्या आहे. ती अपघातानं येत नाही, आरशासमोर बसून येते. थपडेची कथा सांगणाऱ्याला अपघात दिसतो. रोजकीर्द पाहणाऱ्याला त्यानंतरचं अर्धं शतक दिसतं.

इथे एक मोठा आक्षेप येतो, आणि तो मी टाळू इच्छित नाही. ‘तुम्ही शोकांतिकेला दंतकथा म्हणता, पण काही कलावंतांनी आपलं दुःख स्वतःच्या तोंडानं सांगितलं आहे, त्याचं काय?’ हंसा वाडकर हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. ‘संत सखू’, ‘रामशास्त्री’, ‘लोकशाहीर रामजोशी’ यांतली ही नायिका. १९५९चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. त्यांनी अरुण साधूंजवळ आपलं आयुष्य मोकळं केलं. ते ‘माणूस’ साप्ताहिकात आलं आणि १९७०मध्ये पुस्तक झालं. दारू, पुरुष, फसवणूक, गर्भपात, पश्चात्ताप हे सगळं इतक्या सरळपणे त्याआधी एखाद्या मराठी नटीनं सांगितलं नव्हतं. पण आपण हे पुस्तक कसं वाचलं? कबुलीजबाब म्हणून वाचलं. त्यात तितक्याच सरळपणे दुसरी एक गोष्ट सांगितलेली आहे: ज्या वयात मुलींनी शाळेत जायचं त्या वयात ही मुलगी स्टुडिओत गेली, कारण घर चालवायला पैसे हवे होते, तिच्या कामाचे करार इतरांनी केले, तिच्या कमाईवर इतर जगले, आणि थांबायचं म्हटलं की घरचेच थांबू देत नसत. तिच्या खाजगी दुःखाचं मूळ तिच्या मजुरीच्या अटींत आहे, हे पुस्तकच सांगतं. दारू आणि संबंधांची पानं वाचून पगाराची पानं आपण उलटली, हा दोष वाचकाचा. म्हणून या आक्षेपाला माझं उत्तर असं, की कलावंतानं सांगितलेलं दुःख खरंच असतं, पण ते ऐकण्याची आपली रीत त्याचं अर्धं कारण गाळून टाकते. आणखी एक बारकावा पाहा. आत्मचरित्राचं नाव काय? ‘सांगत्ये ऐका’. सत्य सांगायला बसलेल्या बाईला तिच्या सर्वांत गाजलेल्या सिनेमाचंच नाव उसनं घ्यावं लागलं; म्हणजे प्रतिमेच्या दारातूनच तिला वाचकांपर्यंत जाता आलं. पुढे १९७७मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावर आधारित ‘भूमिका’ केला, स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि हंसा वाडकरांचं सत्य पुन्हा एका नटीची गाजलेली भूमिका झालं.

दुसऱ्या बाजूनेही एक सापळा आहे. खलनायक घरी देवमाणूस असतो, विदूषक आतून रडत असतो, ही उलटी गोष्ट आपल्याला फार आवडते. निळू फुले हे याचं मराठीतलं ठरलेलं उदाहरण. पडद्यावर गावच्या बाया-बापड्यांना छळणारा, करड्या आवाजाचा, बेरकी. प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलातून आलेला समाजवादी, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत उभा राहणारा, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी श्रीराम लागूंबरोबर नाटकाचे प्रयोग करणारा. हा विरोधाभास सांगून आपण थक्क होतो. पण हा विरोध तरी आहे का? सेवादलाच्या कलापथकातून गावोगाव फिरलेल्या, ‘कथा अकलेच्या कांद्याची’सारख्या लोकनाट्यातून हजारो प्रेक्षकांसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला गावातली सत्ता कशी बसते, कशी बोलते, कुणाकडे न पाहता आज्ञा करते, हे नेमकं ठाऊक होतं. ‘सामना’तला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील अंगात आणायला दुष्टपणा लागत नाही, लागते ती त्या सत्तेकडे खालून पाहिलेली नजर. तीच नजर ‘सिंहासन’मध्ये दिगू टिपणीस या पत्रकाराच्या डोळ्यांत आली, तेव्हा ती सत्तेच्या बाहेर उभी होती. म्हणजे निळूभाऊंची प्रतिमा त्यांच्या जीवनाच्या विरुद्ध नव्हती. ती त्यांच्या राजकारणातूनच आली होती. ‘पडद्यावर राक्षस, घरी देव’ या वाक्यात दोन्ही बाजू पोकळ होतात. अभिनयामागचा अभ्यास दिसेनासा होतो आणि चळवळीतलं काम हा ‘मोठ्या मनाचा’ किस्सा होऊन बसतो.

रसिकांचा आक्षेप याहून साधा आहे आणि म्हणून अधिक अवघड. ‘आम्ही नाटक पाहायला जातो, जमाखर्च पाहायला नाही. शालूची किंमत कळली तर रुक्मिणी उरते का?’ मला वाटतं, उरते. गवयाला रियाज करताना ऐकलेल्या माणसाला मैफलीत कमी आनंद होत नाही. तान कुठून आली हे माहीत असल्यामुळे तो एक दाद जास्त देतो. भगवानदादांचा नाच उदाहरणादाखल पाहा. तो सोपा दिसतो आणि म्हणून सगळे करतात. पण तेरा वर्षं स्वतःच्या अंगावर मारामाऱ्या झेललेल्या माणसानं, आपलं स्थूल शरीर कॅमेऱ्यासमोर काय करू शकतं आणि काय नाही याचा हिशेब करून, त्याला जमणारं एवढंच ठेवलं आणि बाकी सगळं टाकून दिलं, हे कळल्यावर तो नाच अधिक गोड वाटतो. देव्हाऱ्यातला गंधर्व आपल्याला नुसता नमस्कार करायला लावतो. कामातला कलावंत आपल्याला रसिक करतो.

तिसरा आक्षेप विचारवंतांकडून येतो: हिशेबाची भाषा आली की शेवटी दोष कलावंतावरच येतो. ‘वेळीच पैसे साठवले नाहीत, चुकीच्या माणसांवर विश्वास ठेवला, एका चित्रपटात सगळं घातलं,’ असं म्हणून आपण हात झटकतो. ही भीती रास्त आहे, कारण अर्धवट वाचलेली वही असंच सांगते. पण पूर्ण वही वाचली तर तिच्यात दोन बाजू असतात, जमा आणि नावे, आणि कलावंताच्या नावे बाजूला जे पडतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी जमेला असतं. हंसा वाडकरांची कमाई कुणाच्या घरात गेली? तमाशाच्या तंबूत तोबा गर्दी होत असताना पावसाळ्यातल्या उपासमारीची जबाबदारी कुणाची? नाटक मंडळीच्या तिकिटांवर गावोगावचे थिएटरमालक जगत होते, तर उतारवयातल्या नटाची तरतूद त्या साखळीत कुठे होती? व्यसन, बेहिशेबीपणा, चुकीचे निर्णय हे खरे आहेत. पण कारकून व्यसनी निघाला तरी त्याला निवृत्तिवेतन मिळतं, आणि नट व्यसनी निघाला तर त्याला दंतकथा मिळते. हा फरक स्वभावाचा नाही, व्यवस्थेचा आहे, आणि तो दिसायचा असेल तर हिशेबाला पर्याय नाही. शोकांतिका आपल्याला रडवते आणि मोकळं करते. हिशेब मोकळं करत नाही; तो येणं दाखवतो.

आज हा प्रश्न जुना झाला असं मात्र समजू नका. आता कलावंत आपलं ‘खरं आयुष्य’ स्वतःच मोबाइलवर दाखवतात: स्वयंपाकघर, आजारपण, घटस्फोट, आईची पुण्यतिथी. पूर्वी प्रतिमा रंगमंचावर बसवली जाई आणि घर मागे राही. आता घरही कपडेपटात गेलं आहे. पण मालिकेतली नटी दिवसाचे किती तास उभी असते, तिचे पैसे किती दिवसांनी येतात, मालिका अचानक बंद झाली तर पुढचे हप्ते कशातून जातात, हे त्या चित्रफितींत येत नाही. खाजगी आयुष्य जितकं उघडं पडलं आहे, तितकं कामाचं आयुष्य झाकलेलंच राहिलं आहे. माझ्या म्हणण्याला याहून ताजा पुरावा नको.

शेवटी एक अडचण मान्य केली पाहिजे, आणि तिच्यातच या व्याख्यानाची विनंती आहे. आपल्याकडे देव्हाऱ्याची साधनं मुबलक आहेत: छायाचित्रं, ध्वनिमुद्रिका, पुतळे, नाट्यगृहांना दिलेली नावं. शोकांतिकेचीही आहेत: मुलाखती, आठवणी, मृत्युलेख. रोजकीर्दीची साधनं मात्र जवळजवळ नाहीत, कारण ती आपण रद्दीत घातली. नाटक कंपनीची खर्चाची वही, फडाच्या सुपारीची पावती, उचलीचा कागद, स्टुडिओबरोबरचा करार, दौऱ्याचं वेळापत्रक, कपडेपटाची यादी, धोब्याचं बिल: या कागदांना कुणी कलेचा दस्तऐवज मानलं नाही. ज्यांच्या घरात आजोबा कंपनीत पेटी वाजवत होते, आजी मेळ्यात गात होती, वडील स्टुडिओत प्रकाशयोजना पाहत होते, त्यांच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत असे कागद अजून असतील. त्यांतली अक्षरं फिकी आहेत, त्यांत प्रसिद्ध नाव एखादंच असेल, बाकी नावं आपण कधी ऐकलेली नसतील. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून बघा आणि एखाद्या ग्रंथालयापर्यंत पोचवा. ‘मानापमान’च्या त्या रात्री नटाला किती पगार होता, आणि त्याला सुट्टी मागता आली असती का, याचं उत्तर कदाचित अशाच एखाद्या पानावर असेल, कुणीतरी बोरूनं, वैतागून, रात्री उशिरा लिहून ठेवलेलं.